कलावंत गेल्यानंतर उरते ते

(महाल, नागपूर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळांमधून आणि गावोगावच्या लोकसमूहांमधून कलावंतांच्या कार्यशाळा कशा घ्याव्यात, या विषयावर चार विचार मांडावेत, अशी आपण मला आज्ञा केली. मी कलावंत नाही. कला शाखेचा पदवीधर असलो, तरी त्या पदवीचा हातात कुंचला धरण्याशी फारसा संबंध नसतो, हे आपण जाणताच. माहिती अधिकारी या नात्याने गावोगावचे कार्यक्रम पाहणे आणि त्यांचे वृत्त लिहिणे हे माझे काम. तेव्हा मी बोलणार आहे तो जवळून पाहणाऱ्या माणसाच्या अधिकाराने. त्याहून अधिक अधिकार माझ्यापाशी नाही.

या विषयासाठी आपण महाल ही जागा निवडली, हे मात्र फार उचित झाले. बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये वसविलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले आणि त्यांच्या वाड्यांभोवती ही वस्ती वाढली. राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. दरबार गेला, दप्तरे गेली. परंतु आपण बसलो आहोत तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर चितार ओळ आहे, ती गेली नाही. मूर्ती घडविणारी आणि रंगविणारी घरे आजही तेथे आहेत. राजाश्रय संपल्यावर एखादी कला पिढ्यान् पिढ्या कशाच्या बळावर टिकते, हा प्रश्न मला या ओळीतून जाताना नेहमी पडतो. त्याचे उत्तर शोधता शोधताच आजच्या विषयाचे सूत्र हाती लागते, असे मला वाटते.

दरवर्षी नाहीसे होणारे, तरीही टिकणारे

नागपूरच्या वर्षाचे चक्र आठवून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून आणतात. रघूजी भोसले दुसरे यांच्या काळापासून, म्हणजे १९ व्या शतकाच्या आरंभापासून, हा उत्सव चालत आला आहे, असे येथे मानले जाते. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा. बांबू, कागद आणि रंग यांतून उभी राहिलेली ती भव्य प्रतिमा आणि तिच्यासोबत निघणारे बडगे, अंगावर त्या त्या वर्षाच्या लोकगाऱ्हाण्यांची पाटी बाळगून, रस्त्याने मिरवितात. महागाई असो, भ्रष्टाचार असो, लोकांना जे सलते ते बडग्याच्या रूपाने मूर्त होते. त्यानंतर गणेशोत्सव, मग शारदोत्सव आणि दुर्गापूजा, आणि कोजागिरीच्या सुमारास मुलींची भुलाबाई.

यातले काय टिकते? मारबतीचे दहन होते. गणपतीचे विसर्जन होते. मातीची भुलाबाई पाण्यात विरघळते. वर्षभर खपून केलेली वस्तू एका दिवसात नाहीशी करण्याचा हा परिपाठ पाहून परक्या माणसास नवल वाटावे. तथापि पुढच्या वर्षी तीच मारबत पुन्हा उभी राहते, तीच मूर्ती पुन्हा घडते. वस्तू गेली तरी हात राहतो. आजोबांनी बांबू कसा चिरला, मातीत कापूस कसा मळला, डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी का केली, हे नातवाने शेजारी बसून पाहिलेले असते. कला टिकते ती अशी.

आता याच्याशी आपल्या कार्यशाळा ताडून पाहू. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. वस्तू राहते आणि हात जातो. मुलांनी केलेल्या चित्रांना चौकट लाभते, ती मुख्याध्यापकांच्या दालनात वर्षानुवर्षे टांगलेली असतात. पण ज्या मुलांनी ती काढली त्यांच्या हाती त्या दिवसानंतर पुन्हा रंग आलेला नसतो. कार्यशाळेचे यश वस्तूंवरून मोजावे की हातांवरून, हाच आजच्या भाषणाचा एकमेव मुद्दा आहे. बाकी सर्व त्याचा विस्तार.

एक कबुली

येथे मला माझ्याच कामाविषयी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी ग्रामीण भागातील एका शाळेत चित्र व मातीकामाची एक दिवसाची कार्यशाळा होती. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, पाहुण्यांची भाषणे झाली. कलावंताच्या हाती माती येईपर्यंत दुपार होत आली. मी मात्र तोवर वृत्त लिहून मोकळा झालो होतो. त्यात सर्व पाहुण्यांची नावे पदांसह होती. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, असे एक वाक्यही होते. ते वाक्य लिहिले तेव्हा एकाही विद्यार्थ्याने मातीला हात लावलेला नव्हता.

पुढे वर्षभराने वेगळ्या कामासाठी त्याच शाळेत जाण्याचा योग आला. त्या कार्यशाळेतून मिळालेली रंगांची खोकी कपाटात कुलूपबंद होती. ती वापरली तर संपतील आणि तपासणीच्या वेळी दाखविता येणार नाहीत, ही गुरुजींची अडचण. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. साठा नोंदवही त्यांनाच सांभाळावी लागते. परंतु त्या दिवशी मला उमगले, की माझ्या वृत्तातील ते वाक्य आणि कपाटातील ती खोकी ही एकाच प्रकारची वस्तू होती. दोन्ही दाखविण्यासाठी होती. मी स्वतःला तेव्हापासून एक नियम घालून घेतला आहे. कार्यशाळेचे वृत्त त्या दिवशी संक्षेपाने द्यावे, आणि सहा महिन्यांनी त्या ठिकाणी पुन्हा जाऊन जे दिसेल ते लिहावे. दुसरे वृत्त पहिल्याहून लहान असते, पण ते खरे असते.

सेवाग्रामचा चित्रशिक्षक

आता काही उदाहरणे पाहू. त्यांतील पहिले आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यातले आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण हा नयी तालीमचा विचार तेथे पुढे आला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या नगररचनेची व सजावटीची कामगिरी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंकडे सोपविली. नंदबाबूंनी बांबू आणि परिसरात मिळणारी साधी सामग्री वापरून ते नगर उभे केले. मोठा कलावंत गावात येतो तेव्हा आपले साहित्य बरोबर आणण्याऐवजी गावचे साहित्य उचलतो, हा धडा त्यात होता.

याच नंदबाबूंच्या हाताखाली कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद हे तरुण चित्रकार १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि नयी तालीमच्या शाळेत चित्रशिक्षक झाले. १९६२ पर्यंत, म्हणजे सुमारे १८ वर्षे, त्यांनी तेथे काम केले. सूत कातणारी, शेतात राबणारी, संडास-सफाईसुद्धा स्वतः करणारी ती मुले. त्यांना चित्रकला कशासाठी, असा प्रश्न त्या काळातही विचारला गेला असणारच. देवी प्रसादांची धारणा अशी की कला ही शिक्षणाची शोभा नसून त्याचा पाया आहे. मुलाला प्रौढाच्या नजरेने पाहायला न लावता त्याच्या स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवावा, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. हिंदीत व पुढे इंग्रजीत त्यांनी या अनुभवावर ग्रंथ लिहिले.

या उदाहरणातून आपण काय घ्यावे? देवी प्रसादांची प्रतिभा आपल्याला उसनी आणता येणार नाही. त्यांनी दिलेला काळ मात्र लक्षात घेता येईल. एखाद्या मुलाचा हात मोकळा व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी मूल तेच चित्र काढते जे त्याला शिकविलेले असते: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी. विदर्भाच्या सपाट काळ्या रानात वाढलेले, डोंगर कधी न पाहिलेले मूलही तेच काढते. चौथ्या-पाचव्या भेटीत कुठे त्या चित्रात त्याच्या घरची बंडी येते, ओट्यावर बसलेली आजी येते, संत्र्याच्या बागेतले पाण्याचे पाट येतात. एक दिवसाची कार्यशाळा त्या डोंगरांपाशीच संपते. म्हणून एकाच कलावंताने एका वर्षात दहा शाळा करण्याऐवजी एका शाळेत दहा वेळा जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नागपूरची बसोली

दुसरे उदाहरण आपल्याच नगरातले. चित्रकार व शिक्षक चंद्रकांत चन्ने यांनी १९७५ मध्ये मुलांसाठी ‘बसोली’ हा समूह सुरू केला. हे नाव ऐकताच पहाडी लघुचित्रांच्या प्रसिद्ध शैलीची आठवण होते. व्हिएन्ना नगरीत फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये मुलांसाठी मोकळा चित्रवर्ग काढला, तेव्हापासून बालकलेकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्याची चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. बसोलीने या विचाराला नागपुरात घर दिले.

मला यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती सातत्याची. एका कलावंताने आपल्या गावी राहून मुलांसोबत दशकानुदशके काम केले, म्हणजे काय होते? पहिल्या शिबिरांतील मुले आई-बाप होतात आणि आपल्या मुलांचा हात धरून त्याच दारी येतात. त्यांतील सर्व चित्रकार होत नाहीत. व्हावेत अशी अपेक्षाही नसावी. कोणी अभियंता होतो, कोणी शेतकरी, कोणी आपल्यासारखा शासकीय नोकर. परंतु मुलाने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली तर त्याच्या हातावर न मारणारे एक घर त्या नगरात वाढते. कार्यशाळेचा हा लाभ कोणत्याही प्रपत्राच्या रकान्यात मावत नाही.

गंजाडची भिंत आणि कागद

शाळांप्रमाणेच लोकसमूहांसाठीही कलावंत काम करतात, आणि तेथे जबाबदारी अधिक नाजूक असते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भास्कर कुलकर्णी. १९६० च्या दशकात बिहारच्या दुष्काळी मिथिलेत जाऊन, तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास उद्युक्त करणारा हा मराठी कलावंत १९७० च्या दशकाच्या आरंभी डहाणू तालुक्यातील गंजाड येथे वारल्यांमध्ये राहिला. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढण्याचे काम तेथे परंपरेने स्त्रियांकडे होते. कुलकर्ण्यांनी त्यांच्या हाती कागद दिला. काय काढावे, हे मात्र सांगितले नाही. त्यांच्या ओळखीतून जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगासमोर आली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले.

या घटनेला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एका समाजाच्या कलेला मान मिळाला, अनेक घरांना उपजीविका मिळाली. त्याचवेळी भिंतीवरची, स्त्रियांच्या हातची, विवाहविधीतली रेघ कागदावर आली, बाजारात आली आणि तिथून शहरातल्या चहाच्या पेल्यांवर व शासकीय इमारतींच्या कुंपणावरही आली. आज कित्येक शाळांच्या भिंतींवर ठरावीक साच्यातली तारपा-नृत्याची वर्तुळे रंगविलेली दिसतात. ती काढणाऱ्यास वारली समाजाविषयी काही ठाऊक असतेच असे नाही. लोककला शिकविण्यास निघालेल्या कलावंताने आणि त्यास बोलावणाऱ्या आपण प्रथम हे विचारले पाहिजे: या गावची स्वतःची रेघ कोणती? विदर्भातल्या शाळेत वारली चित्र अवश्य शिकवा. पण त्याआधी याच गावातल्या आजीला नागपंचमीची भिंत, पोळ्याचे मातीचे बैल, भुलाबाई-भुलोजी आणि दारातली रांगोळी यांविषयी विचारा. गावात कलावंत नाही, असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा बहुधा आपण स्त्रियांना विचारलेले नसते.

शाळांची खरी अडचण

आता व्यवहाराकडे वळतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. परंतु ती १०० हून अधिक पट असलेल्या शाळांसाठी. याचा सरळ अर्थ असा, की लहान गावची लहान शाळा या तरतुदीबाहेर राहते. ज्या मुलाच्या घरी रंगांची पेटी नाही, ज्याच्या गावात चित्रांचे प्रदर्शन कधी भरले नाही, त्याच मुलाच्या शाळेत कलाशिक्षक नसण्याचा संभव सर्वांत अधिक. अशा मुलाच्या दृष्टीने बाहेरून आलेला कलावंत हा पाहुणा नसून एकुलता एक शिक्षक असतो. म्हणूनच त्याचा दिवस दीपप्रज्वलनात घालविणे ही माझ्या मते केवळ गैरसोय नाही, अन्याय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात दप्तराविना १० दिवसांची कल्पना मांडली आहे. मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून काम शिकावे, असा तिचा आशय आहे. येथे चितार ओळीचा कारागीर आणि खेड्यातला कुंभार यांना गुरूचे स्थान देण्याची संधी आहे. संधी आहे असे म्हणतो, कारण ती घेणे न घेणे आपल्या हाती आहे.

या कारागिरांना बोलावताना एक चूक आपण हमखास करतो. मातीकामाच्या कार्यशाळा गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत ठेवतो. प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना, त्यानंतरची न्यायालयीन प्रकरणे आणि प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास वाव देतानाच न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांचे नैसर्गिक जलाशयांत विसर्जन न करण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०२५ मधील आदेश यांमुळे मातीच्या मूर्तीविषयी जागृती वाढली, हे चांगलेच झाले. परंतु ज्या दिवसांत मूर्तिकाराच्या घरी रात्रीचा दिवस होतो, त्याच दिवसांत आपण त्याला शाळेत बोलावतो. त्याच्या वर्षाची सारी कमाई त्या महिन्यात असते. मग तो येत नाही, आणि मुलांना साच्यातून गणपती काढून देणारा कोणीतरी हौशी इसम येतो. कार्यशाळेची तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेवरून न ठरविता कारागिराच्या हंगामावरून ठरवावी. कोजागिरीनंतरचे किंवा संक्रांतीनंतरचे दिवस त्याला सवडीचे आणि मुलांनाही सोयीचे असतात.

आणखी एक गोष्ट. त्याला मानधन द्यावे आणि ते कार्यशाळेच्या दिवशीच द्यावे. शाल आणि श्रीफळ हा सन्मान आहे. ती मजुरी नव्हे. एक दिवस काम सोडून आलेल्या माणसाच्या घरी चूल श्रीफळावर पेटत नाही.

थोडे प्रत्यक्ष कामाविषयी

पंचायत सदस्यांनी मला मघाशी विचारले, की खर्च किती येईल. साहित्याचा खर्च आपण समजतो त्याहून बराच कमी आहे. तळ्याकाठची चिकट माती चाळून, भिजवून, मळून घेतली की लहान वस्तूंना पुरते. भेगा पडू नयेत म्हणून तीत थोडा कापूस मळावा. मोठ्या आकारासाठी आत तणसाचा सांगाडा करावा. वस्तू उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू वाळू द्याव्यात. यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे मातीचे काम एका दिवसात पुरे होऊच शकत नाही. माती स्वतःच आपल्याला दुसरी भेट ठरवायला लावते. रंगांसाठी गेरू, चुना, हळद, काजळी आणि नीळ आहेत. फाल्गुनात विदर्भाचे रान पळसाने पेटलेले असते; ती फुले उकळून केशरी रंग निघतो. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून रंगात कालवला की रंग धरून राहतो. हे सर्व गोळा करण्यातच मुलांचे निम्मे शिक्षण होते.

एका वेळी २५-३० मुलांहून अधिक नकोत. वर्गशिक्षकांनी खुर्चीवर न बसता मुलांच्या रांगेत बसून स्वतः माती मळावी. कारण कलावंत जाणार आहे, शिक्षक राहणार आहेत. शिक्षकांचा हात मोकळा झाला नाही, तर मुलांचा फार दिवस मोकळा राहणार नाही. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणारे शिक्षक या कामाला सर्वांत योग्य, असे मी मानतो. ते मुलांच्या चित्रावर लाल शाईने दुरुस्ती करण्याच्या फंदात पडत नाहीत.

स्पर्धा त्या दिवसापुरती दूर ठेवावी. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आपल्या ठिकाणी योग्य आहेत. अनेक खेड्यांतील मुलांना त्यांनी चित्रकलेचा मार्ग दाखविला आहे. परंतु परीक्षेची तयारी आणि कार्यशाळा ही दोन वेगळी कामे आहेत. एकात ठरलेले नीट करावयाचे असते, दुसऱ्यात न ठरलेले शोधावयाचे असते. कार्यशाळेच्या शेवटी तीन बक्षिसे दिली, तर त्यापुढील वर्षी उरलेली मुले त्या तिघांसारखी चित्रे काढू लागतात.

ग्रामपंचायतींना माझी एकच सूचना आहे. शाळेच्या आवारातील एक भिंत मुलांच्या उंचीएवढी मोकळी ठेवावी. बोलक्या भिंतींच्या नावाखाली सर्व भिंती रंगाऱ्याकडून तैलरंगाने रंगवून घेतल्या, की त्या भिंती कायमच्या बोलतात खऱ्या. पण मग मुलांना बोलायला जागा उरत नाही. या एका भिंतीला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास चुना द्यावा आणि मुलांनी ती पुन्हा रंगवावी. जुने चित्र पुसले जाईल याचे वाईट वाटून घेऊ नये. आपली मारबत तरी कुठे उरते? ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिक्षणाचा विचार असतोच. त्यात वर्षातून चार भेटींचे मानधन आणि ही भिंत एवढे बसवावे. महिला बचत गटांना या भेटींत बोलवावे. ज्या भुलाबाईची माती आई मळते, ती मळताना मुलाने शेजारी बसावे. शाळा आणि लोकसमूह यांच्या कार्यशाळा वेगळ्या असाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. चितार ओळीत त्या कधीच वेगळ्या नव्हत्या.

मोजमाप कशाचे?

शेवटी अधिकारी मित्रांना उद्देशून दोन शब्द. आपल्याला अहवाल द्यावा लागतो, मलाही लागतो. किती कार्यशाळा झाल्या, किती लाभार्थी होते, किती खर्च झाला, हे तीन रकाने भरल्यावाचून आपली सुटका नाही. त्यांत आपण आपल्यापुरता चौथा रकाना वाढवावा: कलावंत नसताना पुढील वर्षी तेथे काय घडले? मुलांनी आपणहून माती आणली का? ती भिंत पुन्हा रंगली का? कपाटातली रंगांची खोकी रिकामी झाली का? ज्या शाळेची खोकी रिकामी आढळतील, त्या शाळेला दुसऱ्या वर्षी प्रथम साहित्य द्यावे. रिकामी खोकी हा अपव्ययाचा पुरावा मानू नये. तो कामाचा पुरावा आहे.

आज सायंकाळी येथून परतताना आपण चितार ओळीतून जावे, अशी विनंती करतो. हंगाम असेल तर एखाद्या घराच्या ओसरीवर अपुरी मूर्ती दिसेल आणि तिच्या पायाशी मातीचा गोळा घेऊन बसलेले एखादे मूल दिसेल. त्याला कोणी काही शिकवीत असल्याचे दिसणार नाही. ते नुसते बसलेले असेल, गोळ्याचा कधी उंदीर करील, कधी काहीच करणार नाही. ती कार्यशाळा कोणी उद्घाटित केलेली नाही आणि तिचा समारोपही होणार नाही. आपल्या गावी, आपल्या शाळेत अशी एक ओसरी निर्माण करणे, एवढेच आपल्याला करावयाचे आहे. त्यासाठी कलावंताला बोलवावे, सन्मानाने बोलवावे, पुन्हा पुन्हा बोलवावे. आणि तो निघून गेल्यावर काय उरले, ते पाहायला आपण स्वतः परत जावे.